न विचारता काढलेले फोटो

४ मे, नांदेड

बुटांच्या शोरूममधल्या सेल्समनला आज वाटलं, मी त्याला जावई म्हणून बघायला आले.

झालं असं. त्याच्या छातीवरच्या नावाच्या पाटीचा फोटो पाहिजे होता. फोन लांब धरला, डोळे बारीक केले, मेसेज वाचता येईना असं तोंड केलं. चाळिशी लागलेल्या बाईकडं कुणी संशयानं बघत नाही, हे माझं मोठं भांडवल. पण फोन आपल्याकडं वळलाय हे यानं हेरलं. कॉलर नीट केली. मग आपणहून सांगायला लागला: बी. कॉम. झालंय, घर लोह्याला, शेत पाण्याखालचं, ही नोकरी तात्पुरती. मुलगी काय करते, मावशी? मी म्हणाले, दहावीचा निकाल यायचाय. जरा दचकला. मग बिलाला नाव सांगितलं, नसीम बेगम, तशी कॉलर आपोआप खाली बसली.

रिपोर्टात लिहिलं: कर्मचारी आदबशीर, खाली बसून बूट घालून दाखवले. खरंच दाखवले. बाकीचं लिहायला जागा नाही तिथं.

६ मे

परवीनचा हदगावहून फोन. धाकटी बहीण माझी, पण चौकशीत सगळ्यांची आजी. आपा, तू नेमकं करतेस काय, इथं कुणी विचारलं तर मी सर्व्हे सांगते.

सर्व्हे नाही. खोटं गिऱ्हाईक. मोठ्या दुकानांचे मालक पुण्याच्या एका कंपनीला सांगतात, आमच्या दुकानात नोकर कसे वागतात ते गुपचूप बघून या. कंपनी मला पाठवते. मी जाते, काहीबाही विचारते, थोडं घेते, फोटो काढते. पाटी, काउंटर, संडास, नोकराचं नाव. कुणाला कळू द्यायचं नाही.

परवीन म्हणाली, म्हणजे चहाडी.

तसं वाटत नाही मला. मला बघायला आवडतं, एवढंच. एकटं गिऱ्हाईक आलं की माणूस कसा वागतो, मालक नसला की कसा, भाव विचारणारी बाई साधी दिसली तर कसा. आधी मी हे फुकट बघत होते.

९ मे

सलीमनं विचारलं, फोनचा आवाज बंद करून काढतेस ना. हाव म्हटलं. मग तो काही बोलला नाही. पण बोलला नाही म्हणजे काय ते कळतं मला, लग्नाला वीस वर्षं होत आली.

इतवाऱ्यात आमचा स्टुडिओ सासऱ्यांच्या वेळचा. आता तिथं बहुतेक पासपोर्ट फोटोच. या दिवसांत ॲडमिशनवाल्या पोरापोरींची रांग. सलीम प्रत्येकाला स्टुलावर बसवतो, हनुवटी बोटानं न धरता, नुसतं सांगून वर घ्यायला लावतो आणि विचारतो: काढू? पोरं हसतात. फोटो काढायलाच आलेत, विचारतो काय. पण अब्बांची सवय, तीच याची.

माझ्या कामाबद्दल एकदाच म्हणाला होता, तुझे फोटो चांगले असतात, पण त्यातला एकही माणूस तुझ्याकडं बघत नसतो.

१६ मे

प्राजक्ताचा फोन. पुण्यातून मला कामं ती वाटून देते. भेट कधी झालेली नाही, आवाजावरून पंचविशीतली. म्हणाली, नसीमताई, यावेळी दुकान नाही, क्लास.

लातूरचा मोठा क्लास. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी. नाव इथंही लिहीत नाही, तसं सही करून दिलंय. त्यांच्या मालकाला बघायचंय, दोन शाखांतल्या कौन्सिलिंगवाली माणसं आईबापांशी काय बोलतात. मी आई होऊन जायचं. फोटो पाहिजेत: रिसेप्शन, वर्ग, होस्टेलची खोली, मेस. आणि समोर बोलणारा माणूस टेबलाशी, चेहरा व नाव दिसेल असा.

मी म्हणाले, मला खरीच मुलगी आहे दहावीची, तिला खरंच लातूरला जायचंय. प्राजक्ता हसली. मग तर तुम्हाला नाटकच करायला नको.

मेहेकला सांगितलं नाही. सलीमला सांगितलं. तो म्हणाला, मग तिलाच घेऊन जा की सरळ. एकटीनं जायचा नियम आहे, म्हटलं. खोट्या मुलीचं नाव आयेशा ठेवलं. मेहेक जन्मली तेव्हा दुसरं नाव तेच ठरलं होतं.

२२ मे, परतीच्या बसमध्ये, चाकूरच्या पुढं

अक्षर हलतंय. दोन्ही शाखा झाल्या. फोटो सगळे मिळाले. एक सोडून, म्हणजे तोही मिळालाय, पण

घरी जाऊन लिहिते.

२३ मे

काल पहाटे निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर. बसमध्ये निम्म्या लोकांकडं गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, पत्र्याच्या पेट्या. माझ्या शेजारी किनवटकडची एक मुलगी बापाबरोबर. बाप सारखा विचारून राहिला, भूक लागली का. ती खिडकीबाहेर बघत नुसती मान हलवत होती.

लातूरला त्या रस्त्यावर उतरले आणि थांबलेच. घरं दिसत नाहीत, चेहरे दिसतात. बोर्डांवर मुलांचे चेहरे, खाली मार्क. सगळ्यांचं हसू सारखं. सलीमच्या स्टुलावरून उठून आल्यासारखं.

सकाळची शाखा: कौन्सिलिंगला एक सर. बोलणं झरझर. जागा संपत आल्यात, आज ठरवा, मुलगी हुशार आहे ते तुमच्याकडं बघूनच कळतं. आयेशाचं नावही त्यांनी विचारलं नाही. चहा दिला, होस्टेल लांबून दाखवलं. फोटो आरामात निघाले. ते माझ्याकडं बघतच नव्हते.

दुपारची शाखा: वंदना मॅडम. तिशीतल्या, सुती साडी, केस घट्ट मागं. पहिला प्रश्न: मुलगी काय म्हणती?

मी म्हणाले, हुशार आहे.

त्या म्हणाल्या, ते झालं. पण तिला यायचंय का?

हे मला पाठ करायला दिलेल्या प्रश्नांत नव्हतं. मी मेहेकचंच सांगत सुटले. रात्री उजेड ठेवून झोपते, गणित सुटलं नाही की जेवत नाही, पण लातूर लातूर करते, तिच्या दोन मैत्रिणी येणार आहेत. त्यांनी काही लिहून घेतलं नाही, ऐकलं. मग म्हणाल्या चला, होस्टेल दाखवते, जवळून.

माहितीपत्रकात एका खोलीत दोघी. तिथं चार कॉट, मध्ये पाय ठेवायला वाट. मी पाणी शोधल्यासारखं करून फोटो काढले. वंदना मॅडम दाराशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, 'ताई, खरं सांगते. उजेड ठेवून झोपणारी मुलगी इथं झोपणार न्हाई. मागच्या गल्लीत एक काकू आहेत, दोन-तीनच मुली ठेवतात, घरचं जेवण. क्लास इथं लावा, राहायला तिकडं ठेवा. आणि तिचं मन न्हाई असं वाटलं तर नांदेडलाही शिकवतात की.'

मालकाच्या पगारावर बसून ही बाई गिऱ्हाईक परत पाठवून राहिली. आणि मला त्याची नोंद करायची होती.

परत टेबलाशी आलो. फोन पुन्हा लांब धरला, डोळे बारीक केले. दाबलं. त्याच क्षणी त्यांनी तळहात वर केला आणि मान वळवली. बोलत होत्या मेसच्या वेळांबद्दल, बोलणं तुटलं नाही. फक्त हात वर गेला, जसा माणूस उन्हाला धरतो.

मी फोन पर्समध्ये टाकला. त्यांनी निरोप देताना दारापर्यंत सोडलं. आयेशाला माझा आशीर्वाद सांगा म्हणाल्या.

त्यांना कळलं की नाही?

२४ मे

रिपोर्ट अर्धा भरला. एका प्रश्नाशी अडले: कर्मचाऱ्याने संस्थेबाहेरच्या पर्यायाची शिफारस केली का? हो / नाही.

फोटो मोठा करून बघायला स्टुडिओत गेले. सलीमनं कॉम्प्युटरवर लावला. अर्धा चेहरा, अर्धा हात, एक डोळा बोटांच्या वर. सलीमनं तो डोळा आणखी मोठा केला. म्हणाला, हिला कळलंय.

कशावरून.

तो म्हणाला, कळत नसलेला माणूस कॅमेऱ्याच्या पलीकडं बघतो. ही आत बघतीये.

मग त्यानं अब्बांची गोष्ट काढली, जी तो फार काढत नाही. भूकंप झाला तेव्हा तो एकोणीस-वीसचा. काही आठवड्यांनी किल्लारीकडच्या गावांत वाचलेल्या लोकांची ओळखपत्रं करायची होती, फोटोवाले कमी पडले म्हणून अब्बांना बोलावलं. सलीम सामान धरायला बरोबर. बायका मान वर करीनात. अब्बा कॅमेरा खाली ठेवून समोर जमिनीवर बसायचे, त्यांच्याशी दुसरंच काही बोलायचे, पाणी कुठून येतं, गुरं कुठं बांधलीत. मग विचारायचे, काढू? एखादी नाही म्हणाली तर पुढं जायचे, दुसऱ्या दिवशी परत यायचे. पंचवीस-तीस फोटोंना अख्खा दिवस. साहेब चिडायचा. आणि तिथंच रस्त्यावर गाड्यांतून लोक उतरायचे, गळ्यात मोठे कॅमेरे, ढिगाऱ्यांवर बसलेल्या माणसांचे फोटो काढून परत गाडीत.

सलीमनं फोटो बंद केला. तुझं काम तू कर, म्हणाला. रागानं नाही.

२६ मे

फोटो आणि अर्धा रिपोर्ट काल पाठवला होता. प्राजक्ता: ताई, चेहरा हातानं झाकलाय, हा चालणार नाही. आणि तुमचा तो एक रकाना रिकामा आहे. क्लासवाल्यांना याच शाखेचं कळायला हवंय, तिथल्या मॅडमच्या टेबलावरून ॲडमिशन कमी होतात. परत जाता का?

मी म्हणाले, एकच माणूस दोनदा जाऊ शकत नाही, तुमचाच नियम.

ती म्हणाली, तिकडं दुसरं कुणी नाहीये. तुम्ही बुरखा घालून जा ना. कुणी ओळखणार नाही.

मी बुरखा घालत नाही. अम्मी घालायची, परवीन घालते. मी डोक्यावर ओढणी घेते, बास. प्राजक्ता वाईट मुलगी नाही, तिला यात काहीच वाटलं नाही. मला मात्र अम्मीचा काळा बुरखा दाराच्या खुंटीला दिसला. ती तो झटकून घालायची, बाजारात जायच्या आधी आरशात बघून. त्याच्यात लपून मी कुणाचा तरी फोटो काढायला जायचं?

जाते म्हटलं. पण बुरखा नाही.

का जातेय, हे स्वतःला विचारलं. कामासाठी जात असते तर नाही म्हणाले असते. मला तो हात समजून घ्यायचाय.

२८ मे

पहिला रोजा. ऊन मरणाचं. दिवसभर काही नाही.

३० मे

मेहेकला कळलं. माझ्या फोनमध्ये लातूरचे फोटो बघितले. आधी खूश, मग नाराज: अम्मी, तू माझ्याशिवाय बघून आलीस. मग होस्टेलच्या खोलीचा फोटो मोठा करून बघत बसली. चार कॉट मोजले नाहीत तिनं, कुठल्या मुलीनं भिंतीला काय चिकटवलंय ते वाचत होती.

उद्या येते म्हणते. सलीम म्हणाला, ने.

खोटं गिऱ्हाईक खरी मुलगी घेऊन चाललंय.

३१ मे

जे झालं ते झालं तसं लिहिते.

आम्ही आत गेलो. वंदना मॅडम उठून उभ्या राहिल्या, मला ओळखलं. मेहेककडं बघून म्हणाल्या, ही आयेशा का?

मेहेक म्हणाली, नाही, मी मेहेक.

बाहेर कुणीतरी फळा पुसत होतं. वंदना मॅडमनी एका मुलीला हाक मारली, म्हणाल्या मेहेकला वर्ग दाखव, लायब्ररी दाखव, घाई करू नको. मेहेक गेली. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं, मग माझ्याकडं बघून पाणी परत पाठवलं. रोजा आहे ना. हाव.

मग म्हणाल्या, 'तुम्ही त्या दिवशी माझा फोटो काढलात. कुणी पाठवलं तुम्हाला?'

सांगायची मनाई आहे मला. दुकानात कुणी धरलंच तर हसून निघून यायचं असं शिकवलेलं. मी बसून राहिले. म्हणाले, तुमच्याच वरच्या माणसांनी. नाव नाही सांगू शकत.

त्यांनी मान हलवली. वाटलंच व्हतं, म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, थकवा होता. मी विचारलं, इतक्या पटकन कसं कळलं तुम्हाला. आवाज बंद होता, मी वाचत असल्यासारखं केलं होतं.

त्या हसल्या. आणि सांगायला लागल्या. मी विचारलं म्हणून नव्हे, असं वाटलं की त्यांना आधीच सांगायचं होतं.

भूकंप झाला तेव्हा सात वर्षांच्या. गाव त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. आई, दोन भाऊ गेले, वडील आणि त्या राहिल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ढिगाऱ्यावर गोधडीत बसवलेलं. एक माणूस आला, बिस्किटाचा पुडा दिला. पुडा फोडायला त्यांनी मान खाली घातली तर म्हणाला, बाळ, वर बघ. वर बघितलं. झालं. तो गेला.

तो फोटो छापून आला. मग कॅलेंडरवर. मग मोठा करून एका हॉलमध्ये लागला. वडिलांनी त्यांना मामाकडं किनवटच्या बाजूला आश्रमशाळेच्या वसतिगृहात ठेवलं, तिथंही कुणीतरी तो फोटो आणून लावला, मोठ्या कौतुकानं, जेवणाच्या खोलीत. पाहुणे यायचे. आधी फोटो बघायचे, मग मुलींच्या रांगेत ती कोण ते शोधायचे. 'माझी कुणी दहावी विचारली न्हाई, ताई. तीच तू का, एवढंच. आणि फोटोत मी रडतेय असं लोक म्हणतात. मी रडत नव्हते. ऊन व्हतं डोळ्यात.'

त्या म्हणाल्या, तेव्हापासून कुठंही कॅमेरा निघाला की हात वर जातो, मी नेत नाही, जातो. लग्नातही सगळ्या फोटोंत तसंच. नवरा चिडवतो.

मग होस्टेलचं. त्या चार कॉट असलेल्या खोलीत कुठली मुलगी झोपत नाही ते त्यांना दारातून कळतं, कारण त्या तशाच एका खोलीत वाढल्या. म्हणून आईबापांना खरं सांगतात. सगळ्यांना नाही, काहींना. ज्यांच्या बोलण्यात मुलगी येते त्यांना. मालकाला दोनदा सांगून झालं, कॉट कमी करा. त्यांनी हसून घेतलं.

मी म्हणाले, मला हे लिहावं लागेल. तुम्ही बाहेरचा पत्ता दिला, हे.

लिहा की, म्हणाल्या. खोटं लिहू नका माझ्यासाठी. माझी नोकरी माझी हाय, ती मी बघते.

मी म्हणाले, आणि चेहरा पण मागितलाय त्यांनी.

त्यांनी टेबलावरचे कागद एका बाजूला केले. पदर खांद्यावर नीट घेतला. नावाची पाटी पुढं सरकवली. 'आता काढा,' म्हणाल्या. 'विचारलंत ना. मी बसते.'

मी विचारलं नव्हतं खरं तर. म्हणून मग विचारलं. काढू?

हाव.

फोन सरळ समोर धरला. पहिल्यांदा. त्यांचा हात मांडीवर होता, मी बघितलं, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले. पण वर आला नाही. डोळे कॅमेऱ्यात. हसल्या नाहीत, हसायची गरज नव्हती.

मेहेक परत आली तेव्हा आम्ही दोघी फोटो बघत होतो. वंदना मॅडम म्हणाल्या, बरा आलाय की.

मेहेक आणि त्या वेगळं बोलल्या, मी बाहेर थांबले. बसमध्ये मेहेकला विचारलं, काय म्हणाल्या. म्हणाली, विचारलं तुला कशाची भीती वाटते. मी सांगितलं. काय सांगितलंस ते सांगितलं नाही मला.

१ जून

दोन फोटो. एक चोरलेला, त्यात चेहरा नाही. एक त्यांनी दिलेला, त्यात सगळं आहे. कंपनीच्या नियमानं दुसरा बाद: कर्मचाऱ्याला कळता कामा नये. तरी पाठवला तर प्राजक्ताला कसं कळणार? नाही कळणार. चेहरा आहे, नाव आहे, टेबल आहे.

पण त्यांनी तो कुणाला दिला? मला की कंपनीला? हे विचारायचं राहिलं.

२ जून

रिपोर्ट पाठवला. होस्टेलचे सगळे फोटो लावले, चार कॉटवाले, मेसचे, गळका नळ. बाहेरच्या पर्यायाची शिफारस केली का: हो. खाली शेरा लिहायला दोन ओळी होत्या, त्यात लिहिलं: मुलगी या खोलीत झोपू शकणार नाही असं सांगितलं. मला ते पटलं. मी माझ्या मुलीला याच मॅडममुळे इथं पाठवायचा विचार करत आहे.

चेहऱ्याचा फोटो लावला नाही. कारण लिहिलं: कर्मचाऱ्याला माझं काम कळलं.

सलीमला सांगितलं. तो म्हणाला, दुसरा फोटो आहे ना तुझ्याकडं? मी दाखवला. यावेळी त्यानं मोठा करून बघितला नाही. एकदा बघून फोन परत दिला आणि म्हणाला, अब्बांना आवडला असता.

५ जून

प्राजक्ता. ताई, असं कसं केलंत. कळलं म्हणजे व्हिजिटच बाद. वरचे नाराज आहेत. थोडे दिवस तुम्हाला काम देता येणार नाही. मग म्हणाली, होस्टेलचे फोटो मात्र मी क्लासवाल्यांना पाठवले. ते नियमात बसतात.

शेराही गेला का?

गेला असेल, म्हणाली. सगळा रिपोर्टच जातो.

तो शेरा लिहिताना मला वाटत होतं, मी त्यांची बाजू घेतेय. आता वाटतं, टेबलावरून कोण गिऱ्हाईक परत पाठवतंय ते मीच सही करून सांगितलं. खोटं लिहू नका म्हणाल्या होत्या. नाही लिहिलं. तरी झोप नाही.

१३ जून

निकाल. मेहेकला गणितात तिला पाहिजे होते तेवढे. परवीननं हदगावहून तासभर दुआ दिल्या. सलीमनं स्टुडिओ लवकर बंद केला, जे तो करत नाही. मेहेक म्हणाली, लातूर. पण त्या काकूंकडं, होस्टेलवर नाही.

मी विचारलं, हे माझ्या सांगण्यावरून की तुझं तू ठरवलंस. म्हणाली, त्या मॅडमनी विचारलं होतं, तुला यायचंय का, ते मी आता सांगून राहिले.

१५ जून

वंदना मॅडमचा नंबर घेतला नव्हता. क्लासच्या नंबरावर फोन लावला, सकाळपासून तीनदा. दरवेळी वेगळा आवाज. ॲडमिशनसाठी एक दाबा. मॅडम आहेत का विचारलं तर म्हणाले, ताई, कुणीही मदत करेल.

२० जून, लातूर

गल्लीतल्या काकूंच्या ओसरीवर बसून लिहितेय. मेहेकची गादी आत पडली. तिची खिडकी पेरूच्या झाडाकडं. काकूंनी विचारलं, रात्री दिवा लागतो का पोरीला, ठेवू चालू. मी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असेल?

सकाळी सलीम, मेहेक आणि मी क्लासला गेलो. टेबलाशी सर, त्या सकाळच्या शाखेतले, झरझर बोलणारे. पाटीवर त्यांचं नाव. मी वंदना मॅडमना विचारलं. म्हणाले, त्या आता इकडं नसतात. कुठं असतात? ते ऑफिसला विचारा.

ऑफिसात दोघी होत्या. एक म्हणाली, त्यांना काढलं. दुसरी तिच्याकडं बघून म्हणाली, काढलं न्हाई, होस्टेलकडं दिलंय, मुलींच्या. दोघी आपसात बोलायला लागल्या, मग मला बघून थांबल्या.

होस्टेलवर गेले. पहिल्या मजल्यावरून दोन माणसं लोखंडी कॉट उतरवून आणत होती. जिन्यात भिंतीला घासत, आवाज करत. खाली अंगणात आणखी कॉट एकावर एक रचलेले. म्हणजे फोटो पोचले. वॉचमनला विचारलं, इथं कोण बघतं आता. म्हणाला, नवीन मॅडम आल्यात. दोन-तीन दिवस झाले. नाव? नाव न्हाई माहीत. दिसायला? तो हसला, म्हणाला बायांकडं बघत न्हाई मी. संध्याकाळी येतात, मुली क्लासवरून सुटल्या की.

नवीन म्हणजे त्याला नवीन, की खरंच नवीन.

दुपारच्या बसनं परत जायचं होतं. सलीमला म्हणाले तू जा, उद्या स्टुडिओ आहे. तो मेहेकच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. मग मला म्हणाला, भेटली तर विचार, तो फोटो मी छापून देऊ का. तिला पाहिजे असेल तर. नाहीतर राहू दे.

आता ऊन उतरलंय. इथून होस्टेलचं दार दिसतं. मुली येऊन राहिल्यात, जथ्थ्यांनी, पाठीवर दप्तरं, बोलणं ऐकू येतंय पण शब्द नाही. मेहेक म्हणते मी पण येते बघायला. तिला म्हटलं, तू काकूंना मदत कर. काकूंनी रोजा सोडायला खजूर आणून ठेवलेत, कुणाकडून तरी मागून. मगरिबच्या अजानला अजून वेळ आहे.

दाराशी एक बाई थांबल्यात. पाठमोऱ्या. मुलींशी बोलतायत, एकीच्या दप्तराचा बंद नीट करून राहिल्यात. फोन पर्समध्येच ठेवलाय.

जाते.